कंपनी : कायद्यातील व्यक्ती आणि तिचे उत्तरदायित्व

सॉलोमन खटल्यात (१८९७) ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने कंपनी ही भागधारकांहून स्वतंत्र व्यक्ती असल्याचे मान्य केले. भारतात स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन खटल्यात (१९६३) सर्वोच्च न्यायालयाने ती 'नागरिक' नसल्याचा निर्णय दिला. घटनेच्या कलम ३२६ नुसार मताधिकार नागरिकांनाच असल्याने तो कंपनीस नाही. मात्र शिक्षेचा प्रश्न उरतोच, कारण कारावास भोगण्यास तिला देह नाही. कारावास अनिवार्य असलेल्या गुन्ह्यांत तिच्यावर खटला चालू शकत नाही, असे २००३ मध्ये ठरले. २००५ मध्ये घटनापीठाने ३ विरुद्ध २ मतांनी ही भूमिका बदलून दंडाचा मार्ग खुला केला. तथापि भोपाळ वायुदुर्घटनेत (१९८४) हजारोंचे प्राण जाऊनही २०१० मध्ये दोषी भारतीय कंपनीस सुमारे ५ लाख रुपयेच दंड झाला. उत्तरदायित्व मान्य झाले. ते अपराधाच्या प्रमाणात आले नाही, असे म्हणावे लागते.