मराठी-उर्दूची अदलाबदल: बोलता बोलता भाषा कशी शिकावी

राजिवड्यात किंवा मिरकरवाड्यात वाढलेल्या आपल्या अनेक मुलांच्या तोंडी तीन भाषा असतात. घरात कोकणी, शाळेत उर्दू आणि बाजारात कामापुरती मराठी. पण तहसील कार्यालयाच्या खिडकीपाशी उभं राहिलं की हीच मुलं गप्प होतात. राज्याचा कारभार मराठीत चालतो. पोलीस भरती असो की तलाठी भरती, परीक्षेत मराठीचे प्रश्न असतातच. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, ते बरंच झालं. पण वहीतली मराठी आणि तोंडातली मराठी यात फरक राहतो तो राहतोच.

त्यावर एक बिनपैशाचा उपाय आहे. ज्याची मराठी मातृभाषा आहे अशा माणसाशी ठरवून बोलायचं आणि बदल्यात त्याला उर्दू द्यायची. यात कोणी गुरू नाही, कोणी शिष्य नाही. पैगंबर (स.) यांच्या सांगण्यावरून हजरत ज़ैद बिन साबित (रजि.) यहुद्यांची लिपी पंधरवड्यात शिकल्याची रिवायत तिरमिज़ीत आहे. आपल्याला पंधरा दिवसांत जमणार नाही, पण काही महिन्यांत फरक नक्की पडतो.

मराठी माणसाला उर्दू कशाला हवी, असं कोणी विचारेल. आखातात नोकरीला जाणाऱ्याला हवी असते, गझलेचा शौक असणाऱ्याला हवी असते. आपल्याच जिल्ह्यातले बदीउज्जमा खावर उर्दूचे शायर असून मराठीतही गझल लिहीत होते. दोन्हीकडून ये-जा जुनीच आहे.

आता मुख्य अडचण. रत्नागिरीत सगळ्यांना हिंदी येते. दोघं बसतात, दोन वाक्यं मराठीत होतात, कुठे तरी शब्द अडतो आणि गाडी हिंदीवर घसरते. मग तासभर छान गप्पा होतात, चहा होतो, शिकणं मात्र शून्य. म्हणून मोबाईलवर वेळ लावा: अर्धा तास फक्त मराठी, अर्धा तास फक्त उर्दू. शब्द अडला तर खुणेने सांगा, वळसा घालून सांगा, पण हिंदीत जाऊ नका. अडखळण्यातच भाषा येते.

उर्दू माध्यमाच्या मुलांना आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगतो: सरकारी मराठीतला बराच माल तुमच्या घरचाच आहे. अर्ज, मुदत, तारीख, वारस, कबजा, खुलासा हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आलेत. घाबरायचं कारण नाही. सावध मात्र राहायचं, कारण काही शब्दांनी मराठीत येताना अर्थ बदलला. उर्दूत ‘मुलाकात’ म्हणजे भेट, मराठीत ‘मुलाखत’ म्हणजे प्रश्नोत्तरं. साहेबांना भेटायला गेलेला मुलगा “साहेबांची मुलाखत घ्यायचीय” म्हणाला, तर शिपाई त्याला पत्रकार समजेल! ‘तालीम’ उर्दूत शिक्षण, मराठीत कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाची तयारी. ‘किताब’ उर्दूत पुस्तक, मराठीत पदवी. ‘शिकस्त’ उर्दूत हार, आणि मराठीत प्रयत्नांची शिकस्त केली म्हणजे जिवाचं रान केलं. ‘हरकत’ उर्दूत हालचाल किंवा खोडी, मराठीत आक्षेप. जमिनीच्या नोटिशीत हा शब्द चुकीचा समजला तर हक्काची तक्रार राहून जाते. तुमच्या जोडीदाराचीही अशीच गंमत होते. तो उर्दूत “खाली बैठिए” म्हणतो, तेव्हा आपल्याला ‘खाली’ म्हणजे रिकामं आठवतं. अशा शब्दांची वही दोघांनी मिळून करावी.

चुका कशा दाखवायच्या, हे पहिल्याच दिवशी ठरवा. दर वाक्याला टोकलं तर माणूस बोलायचंच सोडतो, काहीच टोकलं नाही तर चूक पक्की होते. समोरच्याला बोलू द्यावं, दोन-तीन चुका टिपाव्यात आणि शेवटी सांगाव्यात. उर्दूवाल्याची ठरलेली चूक लिंगाची. उर्दूत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे ‘ते घर’, ‘ते पाणी’ तोंडात बसायला वेळ लागतो. “असं का?” विचारत बसू नका, मराठी माणसालाही कारण सांगता येत नाही. “तुम्ही कसं म्हणाल?” असं विचारा आणि ते वाक्य तीनदा म्हणा.

विषय कामाचे घ्या. सातबारा समोर ठेवा, रेशनकार्डाचा अर्ज घ्या, एकाने कारकून व्हावं, दुसऱ्याने अर्जदार. मग जागा बदला. निवडणुकीचा विषय पहिल्या महिन्यात नको. बहिणींनी मैत्रिणीशी किंवा शेजारच्या काकूंशी जोडी जमवावी, घरीच बसता येतं. नमाजची वेळ आधीच सांगून ठेवा, समोरचा समजून घेतो.

आणखी एक बारीक गोष्ट. उर्दूतलं ‘हम’ मराठीत दोन ठिकाणी फुटतं: ‘आम्ही’ म्हणजे ऐकणारा सोडून, ‘आपण’ म्हणजे ऐकणाऱ्याला धरून. “आम्ही रत्नागिरीकर” असं शेजाऱ्याला म्हटलं की तो बाहेर राहिला, “आपण रत्नागिरीकर” म्हटलं की आत आला. आपली मुलं नकळत पहिलं बोलतात आणि ऐकणाऱ्याला उगाच तुटक वाटतं. त्यात उर्दूच्या ‘आप’ची सवय असल्याने समोरच्याला ‘तुम्ही’ म्हणायच्या जागी ‘आपण’ म्हटलं जातं. “आपण कधी जाणार?” ऐकून तो विचारात पडतो, की हा मलाही सोबत नेतोय की काय.

सुरुवात कधी करायची? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला असतात आणि मिरकरवाड्यातल्या पोरांना वेळ असतो. आठवड्याला दोनदा बसलं तरी बोटी सुटायच्या आत सतराएक बैठका होतात.