कान्हेरीची लेणी आणि छिन्नीचे पाणी

बोरिवलीनजीक कान्हेरी येथे शंभराहून अधिक लेणी आहेत. त्यांचा इतिहास बहुधा दाते, भिक्षू व शिल्पे यांच्या अनुरोधाने लिहिला जातो. तेथील एका ब्राह्मी लेखात मात्र कल्याणच्या नंद नामक ‘कमारा’ने, म्हणजे लोहाराने, वाटेचे दान दिल्याची नोंद आहे. ही नोंद लोहाराच्या विद्येकडे लक्ष वेधते.

मऊ लोखंडाच्या छिन्नीची धार खडकावर तत्काळ वळते. लोखंडात सुमारे ०.७ ते १.४ टक्के कार्बन मुरला, की हत्यारास योग्य असे पोलाद होते. जुन्या मराठीत यासच ‘तिखे’ म्हणत. ते सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात बुडविले असता अतिशय कठीण, परंतु काचेसारखे ठिसूळ होते. म्हणून टोक पुन्हा बेताने तापवितात. घासलेल्या पृष्ठावर प्रथम पिवळा, मग जांभळा, शेवटी निळा रंग चढतो. इष्ट रंग दिसताच हत्यार पुन्हा पाण्यात जाते. यासच आपण ‘पाणी देणे’ म्हणतो. हे पाणी काही मिलिमीटरच खोल उतरते. गाभा चिवट राहून हातोड्याचा घाव सोसतो.

धार झिजली, की टोक घडवून पाणी नव्याने द्यावे लागते. सबब जेथे पाथरवट, तेथे लोहाराची भट्टी हवीच. नंदाने छिन्न्या घडविल्या असे लेख सांगत नाही. तथापि लेण्यांच्या इतिहासात त्याच्या व्यवसायबंधूंचा वाटा मोजल्यावाचून तो इतिहास पुरा होणार नाही.