निम्मं संरक्षण कुणाचं?

1959 च्या मार्चअखेर दलाई लामा सीमा ओलांडून भारतात आले. त्याच वर्षी अमेरिकेत नेथन मँटेल आणि विल्यम हेन्झेल यांनी एक सूत्र छापलं: रुग्णांचे वयाचे, लिंगाचे गट पाडा, प्रत्येक गटातलं गुणोत्तर पाहा आणि त्या सगळ्यांतून एकच भारित गुणोत्तर काढा. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण मी मूळची मिरजेची, म्हैसुरात संख्याशास्त्र शिकवते, आणि विद्यार्थ्यांना बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीत नेलं की मला दोन्ही एकाच तासाला सांगाव्या लागतात.

1960 च्या अखेरीस इथे, तेव्हाच्या म्हैसूर राज्याने दिलेल्या सुमारे 3,000 एकर रानात तिबेटी निर्वासित उतरले. झाडं तोडली, मका पेरला. पुढे सेरा आणि नामड्रोलिंगसारखे मठ उभे राहिले. क्षयरोगाने मात्र या समाजाची पाठ सोडली नाही. लस होती, बीसीजी. ती किती उपयोगी, हाच वाद.

इंग्लंडमध्ये 1950 पासून शाळकरी मुलांवर झालेल्या चाचणीत तिने जवळपास 80 टक्के संरक्षण दिलं. 1968 मध्ये तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूला त्याहून कितीतरी मोठी चाचणी सुरू झाली आणि मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या टीबीवर तिथे संरक्षण मिळालंच नाही. 1994 मध्ये ग्रॅहॅम कोल्डिट्झ आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या चाचण्या एकत्र केल्या. सरासरी निघाली निम्मी, 50 टक्क्यांच्या आसपास. हे निम्मं संरक्षण ना इंग्लंडच्या मुलाला मिळालं, ना चेंगलपट्टूच्या शेतकऱ्याला.

एकाच उपायाचा परिणाम माणसामाणसांत, गावागावांत वेगळा पडतो, त्याला आम्ही इफेक्ट मॉडिफिकेशन म्हणतो. मँटेल-हेन्झेलचं सूत्र तो शोधत नाही. गटागटांत परिणाम सारखाच आहे असं धरून चालतं. फरक तपासणारी ब्रेस्लो आणि डे यांची कसोटी 1980 ची, पण गट लहान असले की तिला फरक बहुधा दिसत नाही. ‘कसोटीत काही आलं नाही’ म्हणजे ‘फरक नाही’ असं प्रबंधात सर्रास लिहितात. मी ते वाक्य लाल पेनाने खोडते.

कोल्डिट्झच्या गटाने पुढची पायरी घेतली: विषुववृत्तापासूनचं अंतर समीकरणात घातलं. चाचण्यांमधल्या तफावतीपैकी 41 टक्के त्यानेच उलगडली. पण अक्षांश कुणाच्या फुफ्फुसात जात नाही. तो कशाच्या तरी बदली उभा असतो. मातीपाण्यातल्या जंतूंशी लहानपणीच गाठ पडली, तर लशीला करण्यासारखं फारसं उरत नाही, असा कयास होताच. 2014 च्या एका आढाव्यात लस जन्मतःच टोचली होती की नाही आणि शाळकरी मुलांची ट्युबरक्युलिन चाचणी (अशी गाठ आधीच पडली आहे का, हे त्वचेवर पाहणारी) आधी काटेकोर केली होती की नाही, हे मोजलं, तेव्हा जिथे यांपैकी एखादी गोष्ट झाली होती तिथे लस जास्त चालल्याचं दिसलं.

दुसरा वाद गुणोत्तर की वजाबाकी, याचा. समजा एका गावी लाखात 1,000 जण आजारी पडतात आणि लस 20 टक्के वाचवते: 200 माणसं. दुसरीकडे 100 पडतात, लस 80 टक्के वाचवते: 80 माणसं. गुणोत्तर म्हणेल दुसऱ्या गावी लस भारी. वजाबाकी म्हणेल कुप्या आधी पहिल्या गावी पाठवा. 1970 च्या दशकात साथरोगतज्ज्ञ केनेथ रॉथमन यांनी वजाबाकीची बाजू लावून धरली. सरकारी दवाखाना चालवायचा असेल तर माझंही मत त्यांच्याच बाजूला.

आता पुन्हा अक्षांशाकडे. ल्हासाचा 29.6, बैलकुप्प्याचा 12.4, चेंगलपट्टूचा 12.7. मग ल्हासाजवळ जन्मून विशीत इथे आलेल्या भिक्षूच्या नावापुढे कोणता आकडा घालायचा? विद्यार्थी हमखास 12.4 लिहितात. मी तो रकाना काढून तीन नवे आखायला लावते: जन्म कुठे, लस कितव्या वर्षी, त्याआधी ट्युबरक्युलिनची गाठ किती मिलिमीटर.