यादीतील पहिली ओळ : प्रवास-आरक्षणाच्या इतिहासातील एक प्रश्न

विमानातील आसन, मुक्कामाची खोली आणि भाड्याची मोटार या तिन्ही गोष्टी आजचा प्रवासी संकेतस्थळावरून घरबसल्या राखून ठेवतो. या सोयीमुळे मधला दलाल नाहीसा झाला व निवड सर्वस्वी प्रवाशाच्या हाती आली, असे सामान्यतः मानले जाते. आरक्षण-व्यवस्थेचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला असता हे मत जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. दलालाचे रूप पालटले. परंतु यादीचा क्रम लावण्याचा त्याचा अधिकार कायम राहिला.

या व्यवस्थेचा उगम अमेरिकेत झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील विमान-वाहतूक झपाट्याने वाढली, तरी आसनांच्या नोंदी मुख्यतः कार्डांवर हातानेच होत असत व एक आरक्षण पुरे होण्यास सरासरी दीड तास लागे. १९५३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ आणि आय. बी. एम. कंपनीचे विक्री-अधिकारी ब्लेअर स्मिथ यांची विमानप्रवासात योगायोगाने गाठ पडली. त्या संभाषणातून पुढे 'सेबर' ही संगणकीय व्यवस्था आकारास आली. हवाई संरक्षणासाठी उभारलेल्या 'सेज' या यंत्रणेचा अनुभव तिच्या पाठीशी होता. १९६० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ब्रायरक्लिफ मॅनर येथे तिची यंत्रे बसविण्यात आली व १९६४ पर्यंत तिचे जाळे देशभर पसरले.

येथवर सेबर हे कंपनीच्या अंतर्गत कारभाराचे साधन होते. १९७६ पासून सेबर आणि युनायटेड एअरलाइन्सची 'अपोलो' या व्यवस्थांचे पडदे प्रवास-एजंटांच्या टेबलावर आले, तेव्हा तिचे स्वरूप मुळातच बदलले. पडदा एका कंपनीच्या मालकीचा, परंतु त्यावरील यादी सर्व कंपन्यांच्या विमानांची, अशी ही स्थिती होती. अमेरिकन एअरलाइन्सनेच १९८२ मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले की, एजंट निम्म्याहून अधिक वेळा पहिल्या ओळीतील विमान निवडीत आणि शेकडा ९२ वेळा निवड पहिल्याच पडद्यावरून होई. तेव्हा मालक-कंपन्यांनी आपली विमाने वरच्या ओळींत बसवावीत, यात नवल नव्हते. प्रतिस्पर्ध्यांच्या तक्रारींनंतर सिव्हिल एअरोनॉटिक्स बोर्डाने १९८४ मध्ये अशा पक्षपाती क्रमास बंदी केली. युरोपीय आर्थिक समुदायानेही १९८९ मध्ये आचारसंहिता लागू केली.

पुढील दशकात एजंटाचेच स्थान डळमळले. १९९५ मध्ये डेल्टा एअरलाइन्सने देशांतर्गत तिकिटांवरील दलालीस मर्यादा घातली व इतर कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. १९९६ मध्ये सेबरने 'ट्रॅव्हलॉसिटी' व मायक्रोसॉफ्टने 'एक्सपीडिया' ही संकेतस्थळे सुरू केली. त्याच वर्षी हॉलंडमध्ये आजच्या 'बुकिंग'चा आरंभ झाला. २००४ मध्ये अमेरिकेने संगणकीय आरक्षणावरील आपले नियम मागे घेतले. विमान-कंपन्यांनी या व्यवस्थांतील आपली मालकी सोडली होती आणि प्रवाशापुढे अन्य मार्ग खुले झाले होते, म्हणून बंधनांचे प्रयोजन उरले नाही, ही त्यामागील भूमिका होती.

तथापि तोच प्रश्न मुक्कामाच्या खोल्यांबाबत पुन्हा उभा राहिला. 'ट्रिव्हागो'च्या यादीत ठळकपणे दाखविलेला दर पुष्कळदा सर्वांत स्वस्त नसे, कारण अधिक मोबदला देणाऱ्या संकेतस्थळास झुकते माप मिळे; ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने २०२० मध्ये ही दिशाभूल ठरविली आणि २०२२ मध्ये ४ कोटी ४७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा दंड केला. भारतात प्रश्न क्रमाच्याही पलीकडे गेला. 'मेकमायट्रिप' व 'ओयो' यांच्यातील करारामुळे 'फॅबहॉटेल्स' आणि 'ट्रीबो' यांची नावे यादीतूनच वगळली गेली, असा निष्कर्ष काढून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दोघांनाही दंड ठोठावला. लहान हॉटेलचालकाच्या दृष्टीने यादीत खाली जाणे म्हणजे गिऱ्हाईक दुरावणे, व यादीबाहेर जाणे म्हणजे त्या बाजारातून उठणेच होय.

या दोन कालखंडांतील कायद्याची तुलना उद्बोधक आहे. १९८४ च्या नियमांनी पक्षपाती क्रमच निषिद्ध मानला. २०१९ च्या युरोपीय नियमांनी क्रमाचे मुख्य निकष जाहीर करण्यावर भर दिला. वास्तविक १९८४ चा वाचक म्हणजे धंद्यात मुरलेला एजंट होता. पुढचा पडदा उघडून पाहणे हे त्याचे रोजचे काम होते, आणि तरीही तो पहिल्या ओळीपाशी थांबे. आजचा प्रवासी वर्षातून एकदोनदाच ती यादी वाचतो. त्याला मिळालेले संरक्षण मात्र त्या एजंटाहून कमी आहे. कोणतीही यादी क्रमावाचून मांडता येत नाही, हे खरेच. परंतु तो क्रम कोणाच्या हितासाठी लावला आहे हे ठरविण्याचे ओझे एकट्या वाचकावर टाकणे कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न १९८४ इतकाच आजही विचारार्ह आहे.