बासी ईदची सहल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे बासी ईद म्हणतात. पहिला दिवस नमाजाचा, गळाभेटीचा आणि घरोघरी शीरखुर्मा खाण्याचा. दुसऱ्या दिवशी बायकापोरांना घेऊन बाहेर पडायचं, तलावाकाठी नाहीतर जंगलात. आमच्या वरठीत तर ही चाल मी जन्मापासून पाहत आलो आहे. आज बोलायचं आहे ते या सहलीच्या इतिहासाविषयी. सहलीला कसला आलाय इतिहास, असं कुणी म्हणेल. पण या एका दिवसावर चंद्र, पाऊस आणि वनखातं, तिघांचा हक्क आहे आणि त्यांचं आपसात फारसं पटत नाही.

आमचं वर्ष चंद्राचं. सूर्याच्या वर्षापेक्षा ते दहा-अकरा दिवसांनी लहान. हिंदू पंचांगही चंद्रावर चालतं, पण तिथे अधिक महिना घालून हिशेब पुन्हा ऋतूशी जुळवून घेतात. म्हणून शेजाऱ्यांचं आवळीभोजन दरसाल कार्तिकातच येतं, हवा गार झालेली असते आणि धान कापणीला आलेलं असतं. आमच्यात अधिक महिना नाही. ईद दरवर्षी थोडी मागे सरकते आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. त्यामुळे बासी ईदची सहल कुणाच्या बालपणी चिखलातली असते, तर कुणाच्या बालपणी हुरड्याच्या दिवसांतली.

माझ्या वाट्याला चिखल आला. मी शाळेत होतो तेव्हा ईद ऑगस्ट-सप्टेंबरात येई. अब्बा स्टेशनच्या मालधक्क्यावर कामाला होते. वरठीच्या स्टेशनाचं नाव भंडारा रोड. शहर दहाएक किलोमीटर दूर राहिलं आणि रेल्वे आमच्या दारातून गेली. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ही लाईन मोठी केली. त्या लाईनच्या वेळापत्रकावर आमच्या घरच्या सहली ठरत. पहाटेची पॅसेंजर गोंदियापर्यंत, तिथून चंद्रपूरकडे जाणारी छोटी लाईन, देवळगावला उतरायचं आणि पुढे नवेगावबांध. डब्यात कालचा पुलाव, कांदा आणि आंब्याचं लोणचं. 

बांध भरलेला असे. पाण्यापलीकडे डोंगरांची रांग, तिला सातबहिणी म्हणतात. हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. पाणी कुठे अडेल हे जमिनीचा उतार पाहून सांगणारी ही जात. त्यांनी तलाव बांधले, खाली धान आणि ऊस पिकवला. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, ते पुष्कळसं त्यांच्या हातचं आहे. कोलू पाटलांचा पुढे कोलासुर देव झाला आणि डोंगरावर त्यांचं ठाणं झालं. अब्बा पाळीवर बसून आम्हाला सांगत, हे पाणी देवानं दिलं खरं, पण माती माणसानं वाहिली. मला ते नेहमी आठवतं, कारण उद्यानाच्या पाट्यांवर प्राण्यांची नावं असतात, माती वाहणाऱ्यांची क्वचितच दिसतात.

उद्यान ही कल्पना तशी नवीच. अमेरिकेत 1872 साली यलोस्टोन झालं. आपल्याकडे त्या काळी जंगल म्हणजे सरकारी लाकूड आणि साहेबांची शिकार. मध्य प्रांतातले गोरे अधिकारी नाताळात मेमसाहेब आणि मुलांसह जंगलात तंबू ठोकीत. तीही कुटुंबाची सणाची सहलच म्हणायची. फरक एवढाच की नाताळ कधी हलत नाही. दरसाल डिसेंबर, कोरडी वाट, गार हवा. जंगलात जायचा ‘सीझन’ म्हणून जो आपण आज म्हणतो, त्याला साहेबांचा सण आपोआप जुळलेला होता.

स्वातंत्र्यानंतर 1955 साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं. आमच्या भागात 1970 साली नागझिरा अभयारण्य आणि 1975 साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. 1999 साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोवर हे सगळं भंडाऱ्यातच मोडत होतं. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहिलं, मारुती चितमपल्लींनी ‘नवेगावबांधचे दिवस’, आणि मग पुण्या-मुंबईची कुटुंबं महिना-महिना आधी बेत करून इकडे येऊ लागली. आम्ही इतक्या जवळ असूनही नागझिरा पहिल्यांदा पुस्तकातच पाहिला. बी.ए.ला असताना ते पुस्तक मी वाचनालयातून दोनदा आणलं.

नंतर आमचे चांगले दिवस आले. ईद सरकत हिवाळ्यात गेली. 2000 साली तर रमजान ईद दोनदा आली, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर. भाड्याची सुमो करायची, साकोलीवरून पिटेझरीच्या फाटकावर नाव लिहायचं, वाटाड्या घ्यायचा आणि आत शिरायचं. ऐन, बिजा, धावडा, मोह. तळ्याकाठी चितळांचे कळप. विश्रामगृहात वीज नव्हती, म्हणून संध्याकाळ झाली की अंधार खराखुरा असे. 2004, 2005 आणि 2006 ही तीन वर्षं दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या. शेजारचं कुटुंब आणि आम्ही मिळून दोन गाड्या केल्या. त्यांच्या करंज्या, आमच्या शेवया. मटण आम्हीच घरी ठेवून गेलो. त्यावर चर्चा झाली नाही, व्हायचं कारणही नव्हतं.

मग ईद पावसात शिरली. जुलै ते सप्टेंबर अभयारण्यात पर्यटन बंद असतं. रस्ते खचतात, जनावरांना निवांतपणा लागतो, नियम योग्यच आहे. पण 2009 ते 2016 अशी आठ वर्षं आमची ईद नेमकी त्या बंद दारापुढे येऊन उभी राहिली. त्या काळात मुलं मोठी झाली, नोकरीला बाहेरगावी गेली. जंगलही बदललं. 2013 साली आमच्या घरापासून जवळच असलेलं कोका अभयारण्य झालं. त्या जंगलात पूर्वी सायकलने जाऊन डबा खायला कुणी अडवत नसे. त्याच वर्षी डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. ईद जूनमध्ये सरकली आणि 2018 साली आम्ही पुन्हा निघालो, तेव्हा सुमोला आत जायला मनाई होती. जिप्सी घ्यायची, एका जिप्सीत सहा माणसं, सोबत मार्गदर्शक. आम्ही अकरा जण, म्हणजे दोन जिप्स्या. बुकिंग ऑनलाइन, प्रत्येकाच्या ओळखपत्रासह, तेही आगाऊ. 

अडचण पैशाची आहेच, पण खरी गाठ तारखेची आहे. नाताळ, दिवाळी, सव्वीस जानेवारी, सगळ्यांच्या तारखा कॅलेंडरवर छापलेल्या असतात. आमची ईद आदल्या संध्याकाळी चंद्र दिसल्यावर ठरते. बकरी ईदचं बरं, तिचा चंद्र आधी दिसतो, नऊ-दहा दिवस हाती मिळतात. पण तेव्हा घरात कुर्बानीची गडबड. रमजान ईदला मात्र रात्री आठला कळतं की उद्याच ईद, आणि संगणकाला चंद्र पाहून तिकीट द्यायची सोय नाही. मुलांना पुण्याहून रजा मिळते ती ईदचीच, पुढेमागे नाही.

2020 ची ईद टाळेबंदीत घरातच गेली. त्यानंतर माझ्या थोरल्या सुनेनं तोड काढली. ईद दोन तारखांपैकी एकीला येणार, एवढं तर पंचांगाआधीच माहीत असतं. त्यातली पुढची धरायची आणि तिच्या दुसऱ्या दिवसाचं बुकिंग करायचं. चंद्र उशिरा दिसला तर ती बासी ईद, लवकर दिसला तर ईदचा तिसरा दिवस. आठवड्यात एक दिवस प्रवेश बंद असतो, तेवढा पाहून घ्यायचा. माझी अम्मी आधी कुरकुरली. तिसऱ्या दिवशी कसली ईद, म्हणाली. आता तीच विचारते, “तिसऱ्या दिवसाचं झालं का रे?”

आत चूल पेटवता येत नाही, प्लास्टिक नेता येत नाही, म्हणून पुलाव पुन्हा स्टीलच्या डब्यात आला, अब्बांच्या वेळेसारखा. फाटकावर तपासणीत पोरगा डबा उघडायला सांगतो आणि वास आला की विचारतो, “चाचा, ईद झाली का परवा?” आम्ही त्याच्यासाठी वेगळी वाटी ठेवतो.

सून म्हणते, 2033 साली रमजान ईद पुन्हा दोनदा येणार, वर्षाच्या दोन्ही टोकांना, आणि दोन्ही वेळा नागझिरा उघडा असेल. तिने वहीत लिहून ठेवलं आहे. वहीच्या त्या पानावर अकराऐवजी चौदा माणसांची नावं आहेत, म्हणजे तीन जिप्स्या.