खडी, वाळू आणि पाणी : बेळगाव-निपाणी परिसरातील बांधकामाच्या संदर्भात

बेळगावच्या खडेबाजारासारख्या जुन्या पेठेतील बांधकामाचा इतिहास म्हणजे चुन्याकडून सिमेंटकडे झालेला प्रवास होय. या स्थित्यंतरात दगडाविषयीच्या जाणकारीचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

चुन्याच्या काळात चुना, वाळू आणि सुर्खी घाणीत मळली जाई. सुर्खी म्हणजे विटांची पूड; फारसी 'सुर्ख' म्हणजे लाल, त्यावरून हा शब्द आला. कोणता दगड किती पाणी पितो, हे गवंडी अनुभवाने ओळखत असे. या भागात ही ओळख आवश्यकच होती. निपाणीकडे घट्ट काळा बेसाल्ट, बेळगावभोवती सच्छिद्र जांभा, तर पूर्वेस गोकाककडे वालुकाश्म व क्वार्टझाइट आढळतो.

सिमेंटबरोबर 1:2:4 हे ठरीव प्रमाण आले. दगड कोणताही असो, प्रमाण तेच! डफ अब्राम्स यांनी 1918 मध्ये शिकागो येथे दाखवून दिले की, काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी व सिमेंट यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. मात्र पाणी किती लागणार, हे खडी-वाळूचा आकार, पृष्ठभाग व प्रतवारी यांवर ठरते. बारीक कणांचे एकूण पृष्ठफळ अधिक असल्याने त्यांना भिजवण्यास पाणी जास्त लागते.

भारतीय मानक 10262 (2019) नुसार 50 मि.मी. घसरणीच्या एक घनमीटर काँक्रीटला 10 मि.मी. टोकदार खडी असल्यास 208, 20 मि.मी. असल्यास 186 आणि 40 मि.मी. असल्यास 165 किलो पाणी धरतात. खडी गोलसर असल्यास ते आणखी कमी होते. कृष्णेच्याच खोऱ्यातील 103 मीटर उंचीच्या कोयना धरणात काँक्रीटमध्ये मोठे दगड बसवण्यात आले. दगडाने जागा व्यापली की सिमेंटची गरज घटते, हे तत्त्व त्यामागे दिसते.

ठरीव प्रमाणाची मर्यादा पावसाळ्यात विशेष जाणवते. ओलसर वाळू फुगते. तिचे आकारमान पाव हिश्श्यापर्यंतही वाढू शकते. त्यामुळे घमेल्याने मोजल्यास वाळू प्रत्यक्षात कमी पडते आणि तिच्यातले पाणी हिशेबाबाहेर राहते. नदीच्या वाळूऐवजी दगड भरडून केलेली वाळू वापरल्यास भुकटीचे प्रमाणही तपासावे लागते. मानक 383 च्या 2016 च्या आवृत्तीने अशा वाळूला स्थान दिले आहे. मानक 456 (2000) नेही ठरीव प्रमाणाची मुभा एम-20 पर्यंतच दिली आहे. त्यापुढे मिश्रणाची आखणी अनिवार्य आहे.

सारांश, गवंड्याच्या हातातील जाणकारी ठरीव प्रमाणाने मागे सारली आणि मानकांनी ती आकड्यांच्या रूपाने परत आणली. हे आकडे प्रयोगशाळेतच राहिले, तर घराच्या स्लॅबची ताकद घमेल्याच्या अंदाजावरच राहील. ते गवंड्याच्या भाषेत, मराठीत, उर्दूत व कन्नडमध्ये, पोहोचवणे हे महाविद्यालयीन शिक्षकांचे काम आहे.