जठराचा प्रारंभिक कर्करोग : दुर्बिणीतून सीमानिश्चिती

जठरातला प्रारंभिक कर्करोग दुर्बिणीवाटे (एंडोस्कोपीने) कापून काढण्यापूर्वी तो अस्तरावर कुठपर्यंत पसरला आहे, हे प्रतिमा पाहून ठरवण्याची पद्धत. प्रारंभिक म्हणजे श्लेष्मल पटल आणि त्याच्या लगेच खालचा थर यांपलीकडे न गेलेला. लसीकाग्रंथींत प्रसार झाला आहे की नाही, हे या व्याख्येत धरत नाहीत. व्याख्या १९६२ साली जपानमध्ये ठरली. ‘गाठ’ म्हणावे असे इथे बहुधा काही नसते. दिसतो तो किंचित खोलगट, लालसर किंवा फिकट डाग, आणि तोही जुन्या जठरदाहाने आधीच चट्टेरी झालेल्या अस्तरावर.

तपासणीची सुरुवात धुण्याने होते. श्लेष्मा आणि फेस राहिला, तर पुढचे महागडे यंत्र असून नसल्यासारखे. पांढऱ्या प्रकाशात डाग पाहून झाला, की इंडिगो कार्माइनचा निळा द्रव फवारतात. हा रंग पेशींत मुरत नाही. अंगणातल्या खळग्यांत पावसाचे पाणी साचावे तसा खोलगट जागी साचतो आणि कडा उठून दिसतात.

अधिक बारकाईसाठी अरुंदपट्ट प्रतिमांकन (एनबीआय) वापरतात. यात ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-हिरवा प्रकाश असतो. रक्तातले हिमोग्लोबिन तो शोषून घेते, त्यामुळे वरच्या केशवाहिन्या तपकिरी दिसतात. विशालनाची जोड मिळाली, की एकेका ग्रंथीचे तोंडही दिसते. दुर्बिणीच्या टोकावर बसवलेली मऊ काळी टोपी अस्तराला हलकेच टेकवतात, म्हणजे अंतर कायम राहते आणि चित्र हलत नाही. वाचनाची रीत जपानी तज्ज्ञ केन्शी याओ यांनी घालून दिली : आधी स्पष्ट सीमारेषा आहे का ते पाहायचे, मग तिच्या आत वाहिन्यांची किंवा पृष्ठभागाची रचना विस्कटलेली आहे का ते. नुसती रेषा पुरत नाही; ती साध्या दाहाच्या चट्ट्यालाही असते. नजर निरोगी भागाकडून डागाकडे न्यावी. उलट गेल्यास कड हुकण्याचा संभव जास्त.

अविभेदित प्रकारच्या कर्करोगापुढे मात्र ही सारी करामत तोकडी पडते. त्याच्या पेशी वरचे आच्छादन शाबूत ठेवून आतल्या आत सरकतात, त्यामुळे वर रेषाच उमटत नाही. तिथे डागाभोवती चारही बाजूंनी बायोप्सी घेऊन ते तुकडे निर्दोष असल्याची खात्री करतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतूंवर उपचार झालेल्या रुग्णांतही कर्करोगावर निरोगी पेशींचा थर चढून कड पुसट होऊ शकते.

सीमा ठरली, की तिच्या साधारण पाच मिलिमीटर बाहेरून विद्युत्‌चटक्याचे ठिपके देतात आणि छेद त्यांच्या बाहेरून घेतात. काढलेला तुकडा फळीवर टाचण्यांनी ताणून फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. नंतर दोन-दोन मिलिमीटरच्या पट्ट्या कापून, सूक्ष्मदर्शकाखाली सापडलेला कर्करोग तुकड्याच्या छायाचित्रावर आखतात आणि ती आखणी दुर्बिणीतल्या रेषेशी ताडून पाहतात.